चार दिवसांत ‘ॲक्सेप्टेड’ म्हणणारं जर्नल

पत्र

मॅडम, नाशिकमधून एमडी मेडिसिन केलं आणि आता पिंपळगाव बसवंतच्या एका हॉस्पिटलात फिजिशियन म्हणून लागले आहे. थिसिस ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेवर होता. दाखल होतानाचा पॉप स्कोअर (लक्षणांवरून विषबाधेची तीव्रता मोजणारे गुण) आणि सिरम कोलिनेस्टरेज (रक्तातलं एक एन्झाइम) यांवरून कोणाला व्हेंटिलेटर लागेल हे आधी ओळखता येतं का, असा विषय. गाईड सर म्हणतात, पेपर टाक. थिसिस शंभराच्या वर पानांचा आहे, त्याचे तीन हजार शब्द कसे करायचे तेच कळत नाही. मध्यंतरी एका जर्नलचं मेलवर आमंत्रण आलं. मी घाईत थिसिसमधलाच मजकूर कापून पाठवला. चौथ्या दिवशी ‘ॲक्सेप्टेड’ आलं! आता साडेसहा हजार रुपये आणि कॉपीराइट फॉर्म मागतायत. अजून दिलेलं नाही. शिवाय एचओडी (विभागप्रमुख) सरांना पहिलं नाव स्वतःचं हवंय असं कानावर आलंय, आणि ज्यांना मी एकदाच भेटले अशा दुसऱ्या विभागातल्या एका सरांचंही नाव घालायला सांगितलंय. तिसरं म्हणजे, वेळ वाचवायला दोन-तीन चांगल्या जर्नलना एकदमच पाठवलं तर चालेल का?

— एक नवी फिजिशियन, नाशिक जिल्हा

उत्तर

डॉक्टर,

आधी एवढं करा: पैसे भरू नका आणि फॉर्मवर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू. हे वाचायच्या आत तुम्ही पैसे भरायचा क्यूआर कोड स्कॅन केला नसला म्हणजे मिळवली.

चार दिवसांत ‘ॲक्सेप्टेड’ आलं, याचा अर्थ तुमचा पेपर कोणी वाचलाच नाही. खऱ्या जर्नलमध्ये मजकूर आला की आधी संपादक चाळतो, मग त्या विषयातले दोन-तीन रिव्ह्यूअर शोधतो. ते आपल्यासारखेच डॉक्टर असतात. ओपीडी, राउंड, घर सांभाळून, बहुतेक वेळा एक पैसाही न घेता वाचतात. काही जण नाही म्हणतात, काही मेलला उत्तरच देत नाहीत, मग संपादक पुन्हा नवे शोधतो. पहिलं उत्तर यायला दोन-तीन महिने गेले तर त्यात वावगं काही नाही. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक खोटा शोधनिबंध ३०४ ओपन ॲक्सेस (वाचकांना मोफत असलेल्या) जर्नलांना पाठवला होता. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. पाठवलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जर्नलं आपल्या भारतातली होती. तेव्हा तुम्हाला आलेलं आमंत्रण ही काही नवलाई नाही. थिसिस सबमिट झाला की अशा मेलांचा पाऊस सुरू होतो आणि नव्या एमडीला ‘एस्टीम्ड प्रोफेसर’ म्हणून हाक मारली जाते.

आता त्यातून बाहेर कसं पडायचं? एक स्पष्ट मेल लिहा: मी हा लेख मागे घेत आहे, कॉपीराइट दिलेला नाही, शुल्क भरलेलं नाही, लेख छापू नये आणि मागे घेतल्याचं लेखी कळवावं. त्यात गाईड सरांना सीसी ठेवा. लांबलचक कारणं देऊ नका. उलट उत्तर म्हणून ‘विथड्रॉवल फी’ मागतील, तीही भरू नका. सगळे मेल जपून ठेवा. लेखी उत्तर आलं तर उत्तम. नाहीच आलं, तर आठवण करणारे एक-दोन मेल पाठवा आणि त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. पुढे खऱ्या जर्नलला पेपर देताना कव्हर लेटरमध्ये हा प्रकार दोन ओळींत खरा-खरा सांगा आणि मेलची प्रत जोडा. संपादकांना हे प्रकार माहीत असतात. त्यांना राग येतो तो लपवल्याचा. तुम्ही गप्प बसलात आणि त्या लोकांनी तुम्हाला न विचारता लेख चढवून ठेवला, तर मात्र दुसऱ्या जर्नलला ते दुबार प्रकाशन दिसेल, आणि खुलासा करता करता तुमच्या नाकी नऊ येतील.

तुमचा तिसरा प्रश्न इथेच निकालात काढते: एका वेळी एकच जर्नल. सबमिट करताना ‘हा लेख इतरत्र विचाराधीन नाही’ असं तुम्ही लिहूनच देता. एकाच विषयातले रिव्ह्यूअर तेच ते असतात. एकच पेपर दोन जर्नलांकडून एकाच माणसाकडे गेल्याची उदाहरणं दुर्मीळ नाहीत.

जर्नल पारखताना लोक मुखपृष्ठावरची बिरुदं बघतात. ती बघू नका. आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, तो भारतात मोफत मिळतो आणि त्याचा दर्जाशी काडीचा संबंध नाही. ‘गूगल स्कॉलर इंडेक्स्ड’ याला अर्थ नाही, कारण गूगल सगळंच गोळा करतं. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचे संदर्भ इतर लोक सरासरी किती देतात तो आकडा) एकच खरा, क्लॅरिव्हेटच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधला. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असली विशेषणं लावलेले बाकीचे आकडे घरी तयार केलेले असतात. ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं अजूनही मिरवणारी जर्नलं आहेत, पण ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केली. खरं तपासायचं तर जर्नलच्या वेबसाइटवर विश्वास न ठेवता उलट दिशेने जा. मेडलाइनसाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये नाव शोधा, ओपन ॲक्सेससाठी डीओएजेमध्ये, आणि स्कोपसची यादी स्कोपसच्याच साइटवर. नाव हुबेहूब जुळतंय का, आयएसएसएन तोच आहे का, हेही बघा. नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब नक्कल करणाऱ्या साइट्स आहेत. पुढे शिकवण्याच्या नोकरीत बढतीसाठी पेपर धरला जावा असं वाटत असेल, तर एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) त्या वेळच्या नियमात कोणती इंडेक्सिंग चालतात ते मूळ राजपत्रात वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका.

आणि पैसे घेणारं प्रत्येक जर्नल लबाड, असंही नाही. ओपन ॲक्सेस जर्नलं छापण्याचा खर्च लेखकाकडून घेतात आणि त्यांतली कित्येक कडक आहेत. प्रश्न पैशांचा नसून वाचण्याचा आहे: पैशांच्या आधी कोणी वाचलं का?

तुमच्या विषयासाठी कुठे बघायचं? थिसिसची संदर्भयादी काढा आणि त्यात कोणती जर्नलं पुन्हा पुन्हा येतात ते मोजा. तुमचे वाचक तिथेच आहेत. माझा अंदाज, इंडियन जर्नल ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन त्यात असेल, असोसिएशन ऑफ फिजिशियन्सचं जापी असेल. केईएमचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून चालू आहे, आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून. शेवटचं कठीण आहे. पण प्रत्येकाचे मागच्या वर्षीचे अंक उघडून विषबाधेवरचे लेख कसे आहेत ते तरी बघा.

आता मुद्द्याचं. थिसिसचे तीन हजार शब्द कसे करायचे, हा प्रश्नच मुळात तसा विचारू नका. थिसिस आपण परीक्षकासाठी लिहितो. मी सगळं वाचलंय, सगळं मोजलंय, एकही तपासणी सोडली नाही, हे त्याला दिसावं म्हणून. ॲसिटिलकोलीनचा इतिहास, विषांचं वर्गीकरण, कोलिनेस्टरेजची रासायनिक रचना, पाय चार्ट, बार चार्ट, सगळं त्यात शोभतं. पेपर वाचणारा मात्र दुसराच कोणी असतो. तो रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत उभा आहे, समोर फवारणीचं औषध प्यायलेला माणूस आहे, आणि त्याला एकच कळायचंय: याला इथेच ठेवू की आत्ताच नाशिकला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी पाठवू? पेपरने या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. ज्या वाक्याने ते उत्तर पुढे सरकत नाही ते वाक्य काढायचं, मग त्याच्यासाठी तुम्ही लायब्ररीत कितीही संध्याकाळी घालवलेल्या असोत. थिसिस कापत बसू नका. तो बाजूला ठेवा, कोरं पान घ्या आणि तो प्रश्न वर लिहा.

शीर्षकापासूनच बघा. थिसिसच्या शीर्षकात बहुधा ‘अमुक विषबाधेच्या रुग्णांचा तृतीय स्तरीय रुग्णालयातील क्लिनिकल प्रोफाइलचा अभ्यास’ अशा छापाचं काहीतरी असणार. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) पास व्हायला ते ठीक होतं. पेपरला सांगायचं आहे ते असं: दाखल होतानाचा पॉप स्कोअर आणि कृत्रिम श्वसनाची गरज, ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेच्या प्रौढ रुग्णांचा प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास. काय मोजलं, कशासाठी, कोणात आणि कसं, एवढं शीर्षकात आलं की संपादकाचं अर्धं काम होतं. ‘क्लिनिकल प्रोफाइल’ हा शब्द शीर्षकात दिसला की कित्येक संपादकांचा हात ‘रिजेक्ट’कडे वळतो. हा अन्याय असेलही, पण तसं होतं खरं.

प्रस्तावनेला तीन परिच्छेद पुरे. पहिल्यात प्रश्न किती मोठा आहे. दुसऱ्यात आजवर काय माहीत आहे आणि नेमकी फट कुठे आहे. तिसऱ्यात तुम्ही काय बघितलं. ‘आमच्या भागात असा अभ्यास झालेला नाही’ ही फट नव्हे, हे कडू वाटलं तरी ऐका. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची औषधं घरोघरी असतात हे खरं, पण रिव्ह्यूअर विचारेल, मग तिथल्या रुग्णांत हा स्कोअर वेगळा का वागावा? तुमच्याकडे या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे, फक्त ते थिसिसमध्ये कुठेतरी दडलेलं असावं. कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट ग्रामीण रुग्णालयात लगेच हातात येत नाही. पॉप स्कोअरला मात्र लॅब लागत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या, श्वासाचा वेग, नाडी, स्नायूंची फडफड, शुद्ध, आणि झटके आलेत का, एवढं खाटेपाशी उभं राहून बघायचं. श्रीलंकेच्या पेरादेनियात तो १९९३ मध्ये मांडला गेला तोच मुळी अशा रुग्णालयांसाठी. सुरगाणा-पेठच्या डॉक्टरला टॉर्च आणि घड्याळावर निर्णय घेता येईल का, ही तुमची फट आहे. ती पहिल्या पानावर आणा.

पद्धतीचा भाग रटाळ वाटतो, पण पेपर तरतो किंवा बुडतो तो इथेच. तुमच्या अभ्यासात मला एक अडचण न बघताच दिसते. तालुक्याहून रेफर होऊन येणाऱ्या रुग्णाला निघण्याआधी किंवा वाटेत ॲट्रोपीन हा विषावरचा उतारा दिलेला असतो, आणि द्यायलाच हवं. पण ॲट्रोपीनने बाहुल्या मोठ्या होतात, नाडी वाढते, आणि पॉप स्कोअरमध्ये बारीक बाहुल्या आणि मंद नाडी यांनाच गुण आहेत. म्हणजे विष भरपूर पोटात गेलेला माणूस तुमच्या कॅज्युअल्टीत येईपर्यंत कागदावर ‘सौम्य’ दिसू शकतो. तुम्ही या रुग्णांना वगळलं होतं का? वेगळं मोजलं होतं का? की सगळे एकत्र घेतले? तिन्हींपैकी काहीही असो, ते लिहावं लागेल. दुसरी अडचण: इंट्युबेट करायचं, म्हणजे श्वासनळीत नळी घालायची, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला स्कोअर माहीत होता का? माहीत असेल तर स्कोअर जास्त म्हणून नळी घातली आणि नळी घातली म्हणून स्कोअर खरा ठरला, असं चक्र होतं. युनिटची नळी घालण्याची ठरलेली कारणं असतील तर ती लिहा. त्यातून रिव्ह्यूअरचा संशय बराच कमी होतो.

एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं? त्यासाठी तुमच्यासारख्या निरीक्षणात्मक अभ्यासाची स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी आहे, इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर मोफत. क्लिनिकल ट्रायलला कॉन्सॉर्ट, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा, केस रिपोर्टला केअर. आता बरीच जर्नलं ही यादी भरून, कोणता मुद्दा कोणत्या पानावर आहे ते लिहून मागतात. लिहून झाल्यावर भरण्यापेक्षा लिहायच्या आधी ती समोर ठेवा.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि तारीख काढून ठेवा. ती तारीख पहिला रुग्ण घेतल्याच्या आधीची हवी. नंतरची असेल तर त्याला इलाज नाही. तुमचा अभ्यास ट्रायल नाही, त्यामुळे सीटीआरआयची (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीची) अडचण येऊ नये. उपचारांची तुलना करणारे तुमचे बॅचमेट असतील त्यांना मात्र सांगा, १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयमध्ये ट्रायलची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते, मागाहून होत नाही. आणखी एक, विषबाधेचे रुग्ण म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवावी लागणारी प्रकरणं. मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता) जर्नलने मागितला तर नाव आणि आयपी नंबर काढून भागत नाही. गाव, वय आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली की छोट्या गावात माणूस ओळखू येतो. गावं काढा, तारखांऐवजी दिवस मोजा. आणि आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल लिहिताना गुन्ह्याची भाषा नको. ‘हेतुपुरस्सर विष घेतलेले’ एवढं पुरे.

निकालांत तीन गोष्टी हमखास चुकतात. सॉफ्टवेअर ‘पी = ०.०००’ असं दाखवतं आणि आपण तसंच उतरवतो. शून्य संभाव्यता कधीच नसते, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. दुसरं, व्हेंटिलेटरवरचे दिवस सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये देऊ नका. बहुतेकांचे दोन-चार दिवस आणि एखाद-दुसऱ्याचा महिना असं असलं की डेव्हिएशन सरासरीहून मोठं निघतं, म्हणजे काही रुग्ण उणे दिवस व्हेंटिलेटरवर होते असा अर्थ होतो. तिथे मध्यक आणि चतुर्थक द्या. तिसरं, नुसत्या पी व्हॅल्यूवर थांबू नका. स्कोअरची सेन्सिटिव्हिटी (व्हेंटिलेटर लागलेल्यांपैकी किती जण त्याने ओळखले) अमुक, आणि तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल इथून तिथपर्यंत, असं द्या. रात्री दोनच्या डॉक्टरला तोच आकडा कामाचा. पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या स्टॅटिस्टिशियनला आकडेमोड करून मागू नका. कच्चा डेटा घेऊन त्यांच्यासमोर बसा. त्यांनी खरोखर विश्लेषण रचलं आणि मसुदा वाचला तर ते लेखक होतात, हेही लक्षात असू द्या.

पाय चार्ट एकही नको. हे माझं मत आहे, नियम नाही.

डिस्कशनमध्ये थिसिसचा ‘अमुक यांच्या अभ्यासात इतके टक्के, आमच्यात इतके’ हा पाढा म्हणू नका. पहिल्या परिच्छेदात स्वतःचं उत्तर द्या. मग ते इतरांपेक्षा वेगळं असेल तर का वेगळं, हे सांगा. ॲट्रोपीनचा मुद्दा इथे येईल. मर्यादा प्रामाणिकपणे लिहा: एकच केंद्र, रुग्णसंख्या लहान, स्कोअर माहीत असलेले डॉक्टर. मर्यादा तुम्ही लिहिल्या तर तो तुमचा समजूतदारपणा दिसतो, रिव्ह्यूअरने शोधल्या तर तो पेपरचा दोष होतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी चॅटजीपीटीबद्दल बोलायलाच हवं. इंग्रजी नीट करायला वापरायला हरकत नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आयसीएमजेईने, २०२३ पासून सांगितलंय की कृत्रिम बुद्धिमत्ता लेखक होऊ शकत नाही आणि ती कुठे, कशासाठी वापरली ते जाहीर करावं. जबाबदारी तुमचीच. संदर्भ मात्र तिच्याकडून घेऊ नका. न लिहिलेले पेपर, खरे वाटणारे लेखक आणि पानांचे नंबर ती बेमालूम तयार करते. प्रत्येक संदर्भ पबमेडवर उघडा, निदान ॲबस्ट्रॅक्ट तरी स्वतः वाचा. थिसिसमधले संदर्भही पुन्हा तपासा. आधीच्या बॅचच्या थिसिसमधून उचललेला एखादा चुकीचा संदर्भ वर्षानुवर्षं पुढच्या बॅचकडे जात राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता नावांचा प्रश्न. खरी कोंडी इथेच आहे, हे मला कळतं. नाशिकचं वैद्यकीय वर्तुळ लहान, उद्या आयएमएच्या कार्यक्रमात, परवा रेफरन्सला तेच सर समोर. आयसीएमजेईचे लेखकपणाचे चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: अभ्यासाच्या कल्पनेत, डेटा गोळा करण्यात किंवा विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दुरुस्त्या करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. विभागप्रमुख असणं, परवानगी देणं, वॉर्ड वापरू देणं, यांतलं काहीही लेखक व्हायला पुरेसं नाही. त्यांचे आभार मानावेत, तेही विचारून.

एचओडी सरांशी भांडू नका आणि मागाहून निरोपही पाठवू नका. मसुदा घेऊन प्रत्यक्ष जा आणि म्हणा, “सर, थिसिसचं काम माझं असल्यामुळे पहिलं नाव माझं आणि कॉरस्पॉन्डिंग ऑथर गाईड सर, असं धरलंय. आपण मसुदा वाचून दुरुस्त्या सुचवल्यात तर आपलंही नाव घालता येईल. जर्नल प्रत्येकाने काय केलं याचं कोष्टक मागतं, त्यात आपल्यापुढे काय लिहू?” हा शेवटचा प्रश्न अगदी साधेपणाने विचारायचा. ते खरोखर वाचून चार चांगल्या सूचना देतील, तर लेखक म्हणून त्यांचा हक्क होईल आणि पेपरही सुधारेल. आधी गाईड सरांना विश्वासात घ्या. हे बोलणं त्यांनी केलं तर त्याहून बरं. मुळात हे सिनॉप्सिसच्या वेळीच कागदावर ठरवायचं असतं. तुमच्या ज्युनियरांना तेवढं सांगून ठेवा.

दुसऱ्या विभागातल्या सरांचं नाव मात्र घालू नका. हल्ली सबमिशन झाल्यावर बरीच जर्नलं प्रत्येक लेखकाला मेल पाठवून विचारतात. उद्या डेटावर शंका आली तर त्यांना उत्तर द्यावं लागेल आणि त्यांना अभ्यासाचं शीर्षकही आठवणार नाही. एकदा सबमिट केल्यावर नाव घालायला-काढायला सगळ्या लेखकांच्या सह्या लागतात, तेव्हा हे आधीच मिटवा.

प्रत्यक्ष सबमिशन म्हणजे एका निवांत दुपारचं काम, पण ती दुपार खरंच निवांत हवी. जर्नलच्या ‘लेखकांसाठी सूचना’ प्रिंट काढून शेजारी ठेवा. शब्दमर्यादा, ॲबस्ट्रॅक्टचे मथळे, संदर्भांची पद्धत, तक्ते किती, सगळं त्यात असतं. रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळू नये म्हणून नावं फक्त टायटल पेजवर, मुख्य फाइलमध्ये कुठेही नाहीत. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही तुमचं नाव दडलेलं असतं, ते पुसा. ‘आमच्या अमुक रुग्णालयात’ असं मजकुरात राहिलं असेल तर तेही काढा. ओआरसीआयडी (संशोधकाचा ओळख क्रमांक) काढला नसेल तर काढा, फुकट आहे. मेल आयडी स्वतःचा द्या, जुन्या कॉलेजचा नको. थिसिस विद्यापीठाला दिलेला असणं हे बहुतेक जर्नलं आधीचं प्रकाशन धरत नाहीत, तरी कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका. वाक्यं मात्र नव्याने लिहिलेली हवीत. ती तशीच उचलली तर प्लॅगरिझमचं सॉफ्टवेअर लाल रंगाने भरून येईल.

मग वाट बघायची. पहिल्या आठवड्यातच ‘आमच्या जर्नलला अनुरूप नाही’ असं आलं तर तो डेस्क रिजेक्ट. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, दुसऱ्या जर्नलच्या सूचना उघडा. ‘मेजर रिव्हिजन’ आलं तर पेढे वाटू नका, पण खूश व्हा. त्यांना पेपर हवा आहे. प्रत्येक शेऱ्याला क्रमाने उत्तर द्या: त्यांचा शेरा जसाच्या तसा, खाली तुमचं उत्तर, खाली बदललेलं वाक्य आणि पान. समजा रिव्ह्यूअरने लिहिलं की रुग्णसंख्या अपुरी वाटते. ‘आम्ही सहमत नाही’ किंवा नुसतं ‘धन्यवाद’ दोन्ही नको. ‘आमची संख्या अमुक गृहीतकावर काढली होती, ते आता पद्धतीत लिहिलं आहे, तरीही उपगटांसाठी ती लहान आहे हे मान्य, म्हणून तो निष्कर्ष सौम्य केला आहे,’ असं लिहा. एखादा शेरा चुकीचा वाटला तर तसंही सांगता येतं, सभ्यपणे आणि संदर्भ देऊन. दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर संपादकालाच विचारा. शेरे वाचून राग आला की त्याच रात्री उत्तर टाइप करू नका.

लिहायला बसण्याआधी मास्टर चार्टमध्ये एक रकाना शोधा: दाखल होण्याआधी ॲट्रोपीन मिळालं होतं की नाही. तो नसेल तर जुने केसपेपर रेकॉर्ड रूममधून पुन्हा काढावे लागतील. त्यासाठी तुमच्या जुन्या कॉलेजची परवानगी लागेल आणि बहुधा एथिक्स कमिटीलाही एक अर्ज द्यावा लागेल. तो अर्ज या आठवड्यातच गाईड सरांच्या सहीने जाऊ द्या.